उचलेगिरी

आवाज बदलला होता. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात, बांधायचा राहिलेला एकुलता एक कप धूत ती उभी होती, तेव्हा तो तिला ऐकू आला; ऐकू आला म्हणण्यापेक्षा दाढेतून कळ यावी तसा आतूनच जाणवला. मागच्या अंगणात दोन मधपेट्या होत्या, एक जुनी आणि एक या वसंतात मांडलेली, आणि गेली सहा वर्षं माश्यांची गुणगुण तिच्या इतकी अंगवळणी पडली होती, की ती चालू आहे हेही लक्षात येत नसे. पोटभर जेवून पडलेल्या माणसाने स्वतःशीच गुणगुणावं तसा तो सूर. आज तो चढला होता. चिरका, भांडखोर. साडेदहा वाजले होते आणि बाराला ताई सामानाची गाडी घेऊन येणार होती. घरातलं सगळं सामान बांधून तयार होतं: खोक्यांवर खोकी, गाद्यांच्या वळकट्या, भिंतींवर तसबिरी होत्या तिथे आता पांढरट चौकोन. नेमकं आत्ताच या माश्यांना काय धाड भरली, असं पुटपुटत तिने चपला पायांत सरकवल्या आणि ती अंगणात गेली.

नव्या पेटीच्या दारावर झुंबड उडाली होती. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत चौतीस वर्षं भिंगं घासण्यात गेली होती तिची. सगळी गल्ली तिला भिंगवालीच म्हणायची, आणि नोकरी सुटली तरी ते नाव सुटलं नव्हतं. बारीकसारीक दोष पकडायचा डोळा होता तिला. ती दाराशी उकिडवी बसली, नीट बघितलं. माश्या सरळ उतरत नव्हत्या. घरची माशी कशी येते? कामावरून दमून आलेल्या माणसासारखी, इकडेतिकडे न बघता थेट दारात. या मात्र दारापुढे डावीकडून उजवीकडे झुलत होत्या, झाकणाच्या कडेला, मागच्या सांध्याला हुंगून कुठे फट सापडते का ते बघत होत्या. अंगावरची लव झडलेल्या, काळ्या, चकचकीत. दारापुढच्या फळीवर दोघी-दोघी एकमेकींना कवटाळून गरगर फिरत होत्या आणि खाली सिमेंटवर पंधरा-वीस मरून पडल्या होत्या. ज्या आतून बाहेर पडत होत्या त्या उडताना आधी चार बोटं खाली जात, मग कशाबशा वर. पोटात मध भरून निघालेल्या. दिवसाढवळ्या, तिच्या नाकासमोर लूट चालली होती.

आणि हे तिनेच केलं होतं, दुसऱ्या कुणी नाही. या दिवसांत कुठे फुलं नसतात, पेट्यांना उपासच. नवी पेटी अजून अंग धरत होती, म्हणून रोज तिला साखरेचा पाक द्यायचा; पण द्यायचा तो दिवस मावळताना, माश्या घरात परतल्यावर, आणि बाहेर एक थेंब सांडता कामा नये. हे तिला पेटीवाल्या काकांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पाक सांडला की वास सुटतो, वास सुटला की बळकट पेटी दुबळ्या पेटीवर धाड घालते आणि दोन दिवसांत ती साफ करून टाकते. तिला हे पाठ होतं. पण आज दिवस मावळताना ती इथे नसणार होती. म्हणून सकाळी नऊला, चांगलं ऊन पडलेलं असताना, जाता जाता लेकरांना पोटभर घालावं म्हणून ती पाकाचं भांडं घेऊन आली, मोडून जुळलेलं मनगट थरथरलं आणि अर्धा कप पाक झाकणावरून ओघळला. तिने तो फडक्याने पुसला. पुसला आणि फडकं तिथेच पेटीवर टाकून आत गेली, कारण आत खोक्यांना दोरी बांधायची होती. शाबास! इतका गाढवपणा तर तिने शिकाऊ असतानाही केला नव्हता.

संध्याकाळी काका दोन्ही पेट्या न्यायला येणार होते आणि त्या एक करणार होते. मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून एकीवर दुसरी ठेवायची. माश्या कागद कुरतडेपर्यंत दोन्हीकडचे वास एक होतात आणि भांडण होत नाही. भांडण फक्त राण्यांचं, म्हणून नव्या पेटीतली राणी आधीच चिमटीत धरून संपवायची. ते काही क्रूरपणाने म्हणाले नव्हते, भाजी निवडण्याबद्दल बोलावं तसं म्हणाले होते, आणि ती 'बरं' म्हणाली होती. ही राणी तिने जन्मताना पाहिली होती. वसंतात जुनी पेटी गच्च भरली, तेव्हा तिने कुणालाही न विचारता पोळ्याच्या चार चौकटी उचलून शेजारी नवी पेटी मांडली. काका म्हणाले होते, थांबा. ताई म्हणाली होती, एक व्याप पुरे नाही का. आणि तिने दोघांनाही न सांगता ते उरकून टाकलं. मग एका दुपारी चौकट हातात धरून, कामाचं भिंग डोळ्याला लावून पाहताना राणीच्या लांबट कोषाचं टोक आतून गोल कापलं जाताना दिसलं, डब्याचं झाकण उघडावं तसं, आणि ओलसर, लांब पोटाची ती बाहेर आली. एकसष्टाव्या वर्षी ती अंगणात एकटीच मोठ्याने हसली होती. आणि त्याच राणीला मारायला 'बरं'!

'बरं' हा शब्द तिच्या तोंडात बसलेलाच होता. एकोणिसाव्या वर्षी दुसऱ्या गावच्या भिंगांच्या कारखान्यात शिकायला बोलावणं आलं, तेव्हा ताई म्हणाली, "तुला एकटीला नाही जमायचं गं, बबडे," आणि तिच्या वतीने नकाराचं पत्र ताईनेच लिहिलं, सुवाच्य अक्षरात. पण त्याच ताईने तिच्या टायफॉईडात एकवीस दिवस उशाशी बसून काढले होते, तिचं डोकं मांडीवर घेऊन. मग राग धरायचा तो कुठे धरायचा? आईबाबांच्या मागे ताईला शहराच्या दुसऱ्या टोकाचा फ्लॅट आला आणि तिला हे घर. आणि मग ताई येऊ लागली. रिकाम्या हाताने कधी आली नाही, काहीतरी खायला करून आणायचीच. जाताना मात्र कधी रिकाम्या हाताने गेली नाही. आईचं शिवणाचं मशीन: "तू कुठे शिवतेस आता?" बाबांची आरामखुर्ची: "यांच्या कंबरेला बरी." दारामागचा उंच आरसा. तिचा स्वतःचा, वाकणाऱ्या मानेचा कामाचा दिवा. नंतर, वसंत सरला तेव्हा, ती अंगणात घसरून पडली, मनगट मोडलं, आणि दोन तास ती तशीच पडून राहिली; सापडली तीही ताईलाच. झालं. त्या दिवसापासून घरच जायला निघालं. "तू चल माझ्याकडे, मागची खोली आहे. इथे माझा मुलगा आणि सूनबाई राहतील, घर नांदतं राहील. तुझ्याच भल्यासाठी सांगते." बरं.

पण ही लूट कुठली होती ते आधी कळायला हवं होतं. पलीकडच्या गल्लीत कुणी मेल्याने पेट्या ठेवल्या असणार, नाहीतर जवळच्या बागेतल्या झाडावरचं रानटी पोळं. असल्या आगंतुकांना शोधून काढायची काकांची एक युक्ती होती. तिने 'स्वयंपाकघर' लिहिलेल्या खोक्याची दोरी दातांनी सोडली, मैद्याचा डबा आणि गाळणी काढली, आणि नव्या पेटीच्या दाराशी जाऊन, आतून भरल्या पोटाने निघणाऱ्यांच्या अंगावर मैदा चाळला. पांढऱ्या झाल्या सगळ्या. आता बघू कुणाच्या घरी जाता, असं म्हणत ती कपाळावर हात धरून आभाळाकडे बघत राहिली. पांढरे ठिपके उठले, अंगणाच्या भिंतीएवढे वर गेले आणि भिंत ओलांडलीच नाही. वळले. तिच्या डोक्यावरून, सहा पावलांवर असलेल्या जुन्या पेटीच्या दारात एकेक करून उतरले आणि आत शिरले, निवांत, स्वतःच्या घरात शिरावं तसे.

तिला आधी हसू आलं. मग हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि मग असा संताप आला की कानशिलं तापली. एकाच पोळ्यातल्या या. एकाच आईच्या. शेजारी घर मांडून दिलं, तर त्या घरात शिरून खायला निघाल्या! तिने पिठाच्याच हाताने काकांना फोन लावला.

"दार बारीक करा," काका म्हणाले. "एका वेळी एकच माशी जाईल एवढी फट ठेवा, बाकी गवत कोंबा. वरून ओली चादर घाला. पण भिंगवाल्या बाई, जीव कशाला जाळताय? संध्याकाळी एक करायच्याच आहेत."

"तोवर ही रिकामी होईल."

"होईल. आणि सांगू का, थोड्या वेळाने नव्या पेटीतल्या माश्याच लुटीत सामील होतील. आधी लढतात. मग लढणाऱ्या मरतात, वास सगळा एक होऊन जातो, आणि उरलेल्या आपल्याच घरातला मध उचलून त्यांच्या घरी नेऊन टाकायला लागतात. मी पाहिलंय. कुणी जबरदस्ती करत नाही त्यांच्यावर."

फोन खांद्यात धरून तिने गवत उपटलं, दारात कोंबलं, आणि चादरीसाठी आत आली. चादरी तळाच्या गाठोड्यात होत्या. गाठोड्याला बांधलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तिच्याच हाताने लिहिलेलं होतं: 'ताईकडे, मागची खोली'. शेजारच्या खोक्यावर: 'ताईकडे, कपाटाच्या वर'. त्याच्या शेजारी: 'काचसामान, ताईकडे, जपून'. गेले आठ दिवस ती ठळक शाईने हे लिहीत होती. मशीन गेलं तेव्हा त्याचं चाक निघू नये म्हणून सुतळीने आवळून कुणी बांधलं होतं? तिने. आरशाला जुनी रजई कुणी गुंडाळली? आरामखुर्ची दारातून निघेना तेव्हा "थांब ताई, तिरकी कर, अशी," म्हणून खालून खांदा कुणी दिला? ताईने ओरबाडून काहीच नेलं नव्हतं. तिनेच पाठीवर घालून पोचवलं होतं, एकेक वस्तू, वर चहा पाजून. इतकी वर्षं आपण स्वतःला गरीब गाय समजत आलो आणि होतो चक्क हमाल. लाज वाटली तिला. आणि लाजेच्या पाठोपाठ, कधी नव्हे तो, एक हट्ट पोटातून वर आला. तिने गाठोड्याची गाठ सोडली नाही, कात्रीने कापलीच. पुठ्ठ्याचा तुकडा टराटरा फाडला.

"काका, आहात ना?" फोन अजून चालू होता. "पेट्यांच्या जागा बदलल्या तर?"

"अदलाबदल म्हणताय? करतात काही जण. माशी पेटी बघून नाही येत, जागा बघून येते. लुटून निघालेली माशी आपल्या जुन्या जागी जाईल, तिथे नवी पेटी असेल, तिच्यातच माल रिता करेल. भरल्या पोटाने आलेल्याला दारात सहसा कुणी अडवत नाही. पण धोका आहे हां! जुन्या पेटीतल्या इतक्या माश्या आत शिरल्या की नव्या राणीला परकी समजून घेरतील. मारूनसुद्धा टाकतील."

"संध्याकाळी तुम्ही मारणारच होता की."

"तसं... हो."

"मग संध्याकाळी येऊ नका."

तिने फोन ठेवला. चादर भिजवली, नव्या पेटीवर टाकली, पाकाचं फडकं बादलीत बुडवलं. झुंबड थोडी पांगली, पण चादरीवर काळे ठिपके चिकटून राहिले होते. आता जागा बदलायच्या म्हणजे जुनी पेटी उचलायची, आणि ती मधाने भरलेली, दोन माणसांची. चांगलं मनगट एकच. तेवढ्यात पुढच्या दाराशी भोंगा वाजला. बाराला अजून पंधरा मिनिटं होती; ताई आयुष्यात कधी उशिरा आली नव्हती.

"अगं बबडे, हा काय अवतार!" ताई थेट मागच्या दारात येऊन उभी राहिली. धिप्पाड, टापटीप, हातात घामाचा रुमाल. "पिठाने माखलीयस नुसती. आणि ही गाठोड्यातली चादर ना? गाडीवाला खोळंबलाय बाहेर, त्याला पुढे दुसरं काम आहे. चल, हात धू."

"तिथेच थांब ताई, चावतील."

"ते काका बघतील ना संध्याकाळी? ठरलंय ना सगळं?"

"ठरलं होतं. मी येत नाहीये."

ताई रुमालाने घाम टिपायची थांबली. "बरं, आज नको तर नको. उद्या गाडी सांगते."

"उद्या नाही. परवाही नाही. मी इथेच राहणार आहे."

"आणि पुन्हा पडलीस म्हणजे?"

"पडेन. उठेन. नाहीच उठले तर पडून राहीन, पण माझ्या अंगणात पडेन. तू रोज सकाळी फोन कर, मी उचलला नाही तर धावत ये. तेवढं कर. पण मला उचलून नेऊ नकोस."

"मी हे कुणासाठी करते गं?" ताईचा आवाज कापरा झाला, आणि तो खोटा नव्हता, हीच तर पंचाईत होती. "तुझ्यासाठीच ना? दोन तास पडली होतीस तू. मी आले नसते तर? माझ्या डोळ्यांपुढून जात नाही ते."

"माहीत आहे मला." तिला त्या मांडीचा उबारा आठवला, टायफॉईडातला, आणि क्षणभर वाटलं की म्हणावं, बरं, चल. चादरीखालून तो चिरका सूर येत होता. "तू प्रेमाने नेतेस म्हणूनच मला इतकी वर्षं कळलं नाही. तुझं प्रेम हवंय मला. बाकीचं नकोय. आता बोलू नकोस, ये इकडे. एक पेटी उचलायचीय."

"मी?"

"गाडीवाल्याला विचारू?"

गाडीवाला ताईच्या मागून डोकावत होता. त्याने दोन्ही हात वर केले. "बाई, कपाट सांगा, फ्रीज सांगा. जिवंत सामान मी उचलत नाही." आणि तो गाडीत जाऊन काचा लावून बसला.

जाळीची टोपी एकच होती. ती तिने ताईच्या डोक्यावर घातली, कडा कॉलरात नीट खोचली, बाह्या मनगटाशी दोरीने बांधल्या. खोक्यांची दोरी अशी कामी आली. ताई बांधून घेत उभी राहिली, लहानपणी शाळेत जायच्या आधी भिंगवाली तिच्यापुढे उभी राहायची तशी, आणि जाळीआडून बघत राहिली. दोन्ही पेट्यांची दारं फडक्यांनी बंद केली. आधी नवी, हलकी पेटी दोघींनी उचलून बाजूला ठेवली. मग जुनी.

"अशी तिरकी कर," ताई म्हणाली.

"तिरकी नाही करायची. सरळ. मी सांगते तसं."

जुनी पेटी उचलताना तिच्या मोडक्या मनगटातून कळ गेली आणि त्याच वेळी मानेवर एकीने डंख मारला. ताई किंचाळली, "सोड, सोड, चावली तुला!" आणि तिने दात आवळून म्हटलं, "खबरदार हात सोडलास तर!" ताईने सोडला नाही. सहा पावलं. आयुष्यात ताई पहिल्यांदाच मागे मागे चालत होती आणि ती पुढे बघून वाट सांगत होती: दगड आहे, डावीकडे, आता खाली, हळू. मग नवी पेटी जुनीच्या जागेवर. दारातली फडकी काढली, बारीक फट तेवढी ठेवली, आणि दोघी भिंतीला टेकून धापा टाकत बघत उभ्या राहिल्या.

हवेत नुसता गोंधळ माजला. अंगणभर माश्या, कुणाला काही सुधरेना. मग एक पांढरी, मैद्याने माखलेली, जड पोटाने आली, नव्या पेटीच्या दारापुढे थबकली, इकडेतिकडे झुलली. माशी फळीवर उतरली. आतल्या एकीने तिला पुढून मागून हुंगलं आणि वाट दिली. मग दुसरी आली. मग तिसरी. मग दारापाशी चक्क रांग लागली.

"म्हणजे नेलेलं परत आणून देतात या?" ताईने जाळीतून विचारलं.

"हो."

"स्वतःच?"

"स्वतःच."

राणी वाचेल की नाही ते तीन दिवसांनी, पेटी उघडल्यावर कळणार होतं, आणि तीन दिवसांनी बघायला ती इथे असणार होती. मानेवरचा डंख नखाने खरवडून काढत तिने हात पुढे केला. "ताई, तुझ्या घराची किल्ली दे."

"किल्ली? कशाला?"

"आईचं मशीन आणायला. गाडी आलीच आहे."

"अगं, ते आता सूनबाईला लागतं."

"मलाही लागतं. तिला हवं तर इथे येऊन शिवू दे, मी चहा देईन." ताईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण डोक्यावर जाळी, बाह्या दोरीने बांधलेल्या, अशा अवतारात रोजचा अधिकाराचा आवाज काही लागेना. तिने पर्स उघडली. किल्ली काढली. द्यायच्या आधी मुठीत थोडा वेळ धरून ठेवली, मग दिली. भिंगवालीने सावलीत स्टूल आणून ठेवलं आणि शेजारी पाण्याची बादली. "तू बस इथे. चादर वाळली की पाणी मार. फट मोठी करू नकोस. आणि पेटी उघडून बघायची नाही, कितीही वाटलं तरी. मी येते."

"एकटीने जमेल तुला?" ताईने विचारलं, सवयीने विचारलं, पण या वेळी तिला उत्तर ठाऊक नव्हतं.

भिंगवाली निघालीच होती. घरातून जाताना वाटेतलं खोकं पायाने बाजूला सारलं आणि ती पिठाच्या अंगाने गाडीत पुढे, गाडीवाल्याच्या शेजारी जाऊन बसली. त्याने घाबरत तिच्या खांद्यावर, केसांत माशी नाही ना ते बघून घेतलं. मग मागे वळून गाडीच्या रिकाम्या फळ्यांकडे बघितलं.

"सामान कुठाय, बाई?"

"तिकडे आहे," ती म्हणाली. "जाताना रिकामी जायची, येताना भरून यायची. चला." गाडी सुरू झाली, आणि मशीन, आरामखुर्ची, उंच आरसा, वाकणाऱ्या मानेचा दिवा, असं बोटांवर मोजत ती त्याला मोठ्याने सांगू लागली.